दसऱ्याला पुजलेले पुठ्ठे

बेसबॉलचा एक अख्खा सामना माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी पाहिलेला नाही. टीव्हीवर लागला तर तो चॅनल बदलतो, कारण कोण कशासाठी पळतंय हे त्याला कळत नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढे तो या खेळाच्या जुन्या कार्डांबद्दल ज्या थाटात बोलेल त्यावरून कुणाचा गैरसमज नको.

ही कार्डं म्हणजे काय, तर पूर्वी अमेरिकेत च्युइंगमच्या पाकिटातून खेळाडूंची रंगीत चित्रं मिळायची. तळहाताएवढा पुठ्ठा, पुढच्या बाजूला टोपी घातलेला एक माणूस, मागच्या बाजूला त्याच्या खेळाचे आकडे. पोरं गम चघळायची आणि चित्र खिशात कोंबायची. आमच्या लहानपणी क्रिकेटवाल्यांची अशी चित्रं मिळत, आणि त्यांचं पुढे काय झालं हे आजवर कुणी विचारलेलं नाही. अमेरिकेतली काही मात्र कुणी कुणी जपून ठेवली, आणि आता चांगली शिकलीसवरलेली माणसं त्यांच्यासाठी ऑनलाइन लिलावात एकमेकांच्या उरावर बसतात. अशा माणसांपैकी एक माझ्या घरात, सिंगापुरात यिशुनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, माझ्याच डायनिंग टेबलावर तयार झाला.

त्याला कारण होतं. नवरा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या बॅक ऑफिसात बरीच वर्षं मॅनेजर होता. मग बँकेने ते काम दुसऱ्या, स्वस्त देशात हलवलं आणि याला घरी पाठवलं. लॅपटॉप परत घेतला, गळ्यातलं ओळखपत्र घेतलं, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीवर मिळालेला इथला परवाना, गेला. माझी नोकरी त्याच भागात, दोन इमारती सोडून, शाबूत होती. तेव्हा तो माझ्या पासवर डिपेंडंट म्हणून राहिला. इथवर त्याचा काहीच दोष नव्हता आणि मीही त्याला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. पण पुण्याला फोन करून त्याने आईला सांगितलं की मीच नोकरी सोडली, स्वतःचं काहीतरी सुरू करतोय.

सासूबाई कोथरूडला एकट्या राहतात. मुलगा सिंगापूरला मोठ्या बँकेत आहे, हे त्यांच्या सोसायटीत लिफ्टमनपासून सगळ्यांना पाठ आहे. मुलाला काढून टाकलं हे ऐकून त्यांना काय वाटेल यापेक्षा सोसायटीत त्यांना काय वाटून घ्यावं लागेल, याची नवऱ्याला धास्ती होती. ती मला समजत होती. पण खोटं बोलल्यावर माणूस गप्प राहतो. हा ते खोटं खरं करायला निघाला.

आधी शोभेची कोळंबी पाळून झाली. ती मेली. मग जुन्या घड्याळांचे व्हिडिओ पाहण्यात दोन महिने गेले. मग महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडा खाता खाता कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की अमेरिकेतली जुनी बेसबॉल कार्डं सोन्यासारखी वाढतायत. सांगणाऱ्याने स्वतः एकही घेतलं नव्हतं. आमच्या लोकांत असे सल्लागार भरपूर असतात, ते दुसऱ्याच्या पैशाने फार धाडसी असतात. नवऱ्याने घरी येऊन अभ्यास सुरू केला. त्याचा अभ्यास म्हणजे तोंडात नवे शब्द येतात. कॉर्नर, सेंटरिंग, कंडिशन. आमटीत मीठ कमी आहे हे सांगायचं सोडून तो मला कोपरे झिजणं किती वाईट असतं ते सांगायला लागला.

कार्डांनी भरलेल्या काही खोक्यांचा लिलाव एका रविवारी सकाळी संपायचा होता. तिकडे अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ. मी पोहे केले होते. तो फोन आणि माझा जुना लॅपटॉप दोन्ही समोर ठेवून बसला होता, आणि दर वेळी समोरच्याने बोली चढवली की फोन टिंग वाजायचा. समोरचा कोण हे माहीत नव्हतं, नुसतं एक टोपणनाव होतं. तरी नवरा त्याच्याबद्दल असं बोलत होता जणू भाऊबंदकीचा दावा चालू आहे. आता तो दमला असेल. आता तो बायकोला विचारत असेल. मी म्हटलं, त्याने बायकोला विचारलं असतं तर तो इथे नसता. हे ऐकू गेलं नाही. दर बोलीला वेळ थोडी वाढायची, पोहे गार झाले, मी माझी बशी संपवून धुऊन ठेवली. शेवटी समोरचा थांबला. नवऱ्याने लॅपटॉप हळूच मिटला, गार पोहे पुढे ओढले आणि निवडून आलेल्या नगरसेवकासारखा खाऊ लागला. केवढ्याला पडलं ते इथे लिहीत नाही. समोरचा का थांबला असेल हा प्रश्न त्याला पडला नाही, मला पडला.

जाहिरातीत लिहिलं होतं की हा एका आजोबांचा आयुष्यभराचा संग्रह आहे. म्हणजे आजोबा गेले, नातवंडांनी गॅरेजमधली अडगळ काढली, आणि आम्ही ती विमानाने मागवून घेतली. खोकी उघडली तेव्हा घरभर ओलसर कपाटाचा वास सुटला. बहुतेक कार्डं फुटकळ निघाली, ज्यांना अमेरिकेतही कुणी विचारत नाही अशा खेळाडूंची. नवऱ्याने पांढरे सुती हातमोजे चढवून निवडानिवड केली आणि त्यातून छोट्या रांगेएवढी बरी कार्डं काढली. त्या रांगेकडे तो ज्या नजरेने बघायचा, त्या नजरेने त्याने आमच्या मुलीचे दहावीचे मार्क पाहिले नव्हते.

मुलगी शिकायला ऑस्ट्रेलियाला गेल्यामुळे तिची खोली रिकामी होती. तिथे ड्राय कॅबिनेट आलं. इथली हवा इतकी दमट की कॅमेरेवाले लोक हे काचेच्या दाराचं विजेचं कपाट घेतात, आतली हवा कोरडी राहते. शिवाय खोलीत एसी, कारण कपाट उघडताना बाहेरचा दमटपणा आत जाऊ नये. मी उकाड्यात स्वयंपाक करत होते आणि पुठ्ठे गारव्यात होते. तळण बंद, कारण तेलाची वाफ. उदबत्तीसुद्धा गॅलरीत लावायची. इथल्या कायद्याने त्याला या पासवर धंदा करता येत नाही, म्हणून इथल्या लोकांना तो हा आपला छंद आहे असं सांगायचा. पुण्याला मात्र धंदा.

गणपती झाल्यावर सासूबाई आल्या. मुलाचा धंदा बघायला आल्या होत्या हे त्यांनी विमानतळावरच सांगितलं. त्यांना मुलीच्याच खोलीत झोपावं लागलं, त्या कपाटाशेजारी, एसीत, अंगावर शाल आणि पायात मोजे घालून. तक्रार केली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ड्राय कॅबिनेट निरखलं, मला त्याचा उपयोग विचारला, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून आणलेले पोह्याचे पापड खालच्या कप्प्यात नीट रचून ठेवले. सादळू नयेत म्हणून. त्या कपाटाचा एवढा शहाणा वापर आमच्या घरात तोवर कुणी केला नव्हता. नवऱ्याने संध्याकाळी दार उघडलं, आतून हिंगाचा वास आला, आणि तो आईवर असा ओरडला की त्या जेवल्याच नाहीत. सकाळी त्याने पापड परत ठेवले, वेगळ्या डब्यात घालून, पण मला ते पुरेसं वाटलं नाही.

सासूबाईंनी तो अपमान मनात ठेवला नाही. उलट मुलगा मालाला एवढा जपतो म्हणजे धंदा खरा असणार, अशी त्यांची खात्री पटली. पुण्याला फोनवर त्या माझ्या नणंदेला सांगताना मी ऐकलं. म्हणे नोकरीत काय ठेवलंय, नोकरी करणारे पायलीचे पन्नास आहेत. नवरा तेव्हा सोफ्यावर बसून फोनमध्ये डोकं खुपसून होता. त्याचे कान लाल झाले होते.

दसऱ्याच्या आधी त्याला गिऱ्हाईक मिळालं. चोआ चू कांगला राहणारे एक निवृत्त चिनी गृहस्थ, तरुणपणी अमेरिकेत शिकलेले, तिथेच या खेळाचा नाद लागलेला. ते त्या रांगेतली सगळीच कार्डं घ्यायला तयार होते, फक्त प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढून, भिंगाखाली बघायची म्हणाले. दसऱ्याच्या संध्याकाळी यायचं ठरलं. मुहूर्तावर पहिली विक्री, म्हणून सासूबाई खूश होत्या. खरं सांगायचं तर मीही थोडी हबकले होते. इतके महिने ज्याला नावं ठेवली ते खपणार, ही कल्पना मला काही फारशी रुचली नव्हती.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. ज्याच्या जिवावर पोट चालतं ते पुजायचं. सासरे होते तेव्हा त्यांचा पाना आणि स्कूटर, आणि नवरा बँकेत लागल्यापासून लॅपटॉप. लॅपटॉपच्या झाकणाला हळदकुंकू लावायचं, वर एक झेंडूचं फूल, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायचं. तर आदल्या दिवशी जेवताना सासूबाईंनी विचारलं, लॅपटॉप तर तू परत केलास, मग यंदा तुझं काय पुजायचं? नवऱ्याने मुलीच्या खोलीकडे बोट केलं.

"हेच की आता, आई. हीच माझी हत्यारं."

मी वर पंख्याकडे बघितलं. हे असं काहीतरी भारदस्त बोलायची त्याला खोड आहे.

दसऱ्याची इथे सुट्टी नसते. मी घरून काम घेतलं होतं आणि सकाळी बेडरूममध्ये कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसले होते. नवऱ्याने टेबलावर पांढरं स्वच्छ कापड अंथरलं, हातमोजे घालून ती रांग पाकिटांतून काढून कापडावर मांडली. उजेड चांगला होता, त्याला गिऱ्हाइकासाठी फोटो काढायचे होते. ते काढून झाले आणि मग त्याच्या लक्षात आलं की आदल्या दिवशी आणलेला झेंडू सुकलाय. तो तसाच लिटिल इंडियाला फुलं आणायला पळाला.

सासूबाईंची आंघोळ झाली होती, जरीची साडी नेसून झाली होती. त्यांनी मिक्सर पुजला, गॅसची शेगडी पुजली, विळी नाही म्हणून सुरी पुजली. मग टेबलाकडे आल्या. पांढऱ्या कापडावर मुलाने आपली हत्यारं ओळीने मांडून ठेवली होती. माणूस कशासाठी असं मांडतो? त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. त्यांच्या घरी देवाशेजारी सासऱ्यांचा फोटो आहे, त्याच्या काचेवर कपाळाच्या जागी त्या रोज गंध लावतात. इथे काच नव्हती. त्यांनी बोट पाण्यात बुडवून एकेका खेळाडूच्या कपाळाला आधी हळद लावली, मग कुंकू, मग अक्षता टाकल्या. हात जोडले.

मी मीटिंग संपवून बाहेर आले आणि त्याच वेळी दार उघडून नवरा आत आला, हातात झेंडूची पिशवी. दोघांनी एकदमच पाहिलं. जुना पुठ्ठा, त्याला चकाकी नसते. हळद आत मुरून पलीकडून पिवळी दिसायला लागली होती. टोप्यांखालून सगळे गोरे खेळाडू कुंकू लावून बघत होते.

"तू यायच्या आत उरकलं बघ," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या कपाळाला लावलं. कसे राजबिंडे दिसतात."

मी त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते. पापडांवरून ज्याने आईला उपाशी झोपवलं तो आता काय करेल, हे मला माहीत होतं, आणि कुठेतरी मला ते हवंही होतं. एकदा ओरडला असता म्हणजे सगळं बाहेर आलं असतं. नोकरी कशी गेली, धंदा कसला, सगळं. त्याने पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. टेबलाशी येऊन त्या पुठ्ठ्यांना हात जोडले, मग वाकून आईला नमस्कार केला आणि म्हणाला, पूजा छान झाली. नंतर बराच वेळ गॅलरीत बसून त्याने झेंडूचं तोरण ओवलं. ते वाकडं झालं, तरी मी तेच दाराला लावलं.

दुपारी सासूबाई लवंडल्यावर त्याने कापसाची काडी घेऊन एक कपाळ साफ करून बघितलं. कुंकवाबरोबर खेळाडूची भुवई निघून आली. मी म्हटलं, त्या माणसाला कळव, येऊ नको म्हणावं. त्याचं म्हणणं, निदान बघून तर जाऊ देत. माणूस अपयशी असतो त्याला माझी हरकत नाही, पण ही जी आशा असते ना त्याची, तिचा मला मनापासून वीट आला होता.

गृहस्थ वेळेवर आले. सासूबाईंनी त्यांना बसवलं, श्रीखंडपुरीचं ताट पुढे ठेवलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीवर हात मांडीवर घेऊन बसल्या. गिऱ्हाईक घरी आलंय आणि मुलगा माल दाखवतोय, हे बघायलाच त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या. गृहस्थांनी खिशातून भिंग काढलं. पहिलं कार्ड बघितलं, दुसरं बघितलं, तिसऱ्याला भिंग खाली ठेवलं. नवऱ्याकडे बघून ते अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"ऑल स्पॉइल ऑलरेडी लाह. यू गिव्ह मी फ्री, आय ऑल्सो डोन्ट वॉन्ट."

सासूबाईंना इंग्रजी थोडं कळतं, पण इथलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणाले गं?"

नवरा मला काही खुणावत नव्हता. मान खाली घालून तो कापडाची घडी सरळ करत होता, हळूहळू, जणू तेवढंच त्याच्या हातात आहे. जे मी इतके महिने त्याला ऐकवत आले होते तेच एका परक्या माणसाने सांगितलं होतं; मला फक्त त्याचं मराठी करायचं होतं. इतकं सोपं काम मला ऑफिसातही कधी मिळालं नाही.

"म्हणाले, इतकी जपलेली कार्डं त्यांनी आजवर पाहिली नाहीत," मी म्हटलं.

प्रेमाने वगैरे नाही. त्या वाकलेल्या मानेची मला कीव आली, आणि कीव करायला लावल्याबद्दल त्याचा आणखी राग आला. सासूबाईंनी उठून गृहस्थांना आणखी दोन पुऱ्या वाढल्या. ते श्रीखंड मनापासून खाऊन, मला चव आवडल्याचं सांगून, लिफ्टने खाली गेले. माल इथेच कसा राहिला, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा नवऱ्याने सांगितलं की नीट पॅक करून कुरिअरने पाठवायचा असतो. त्यांना ते पटलं.

त्या पुण्याला परतल्या आणि सोसायटीत बातमी पसरली. एका पुतण्याने फोन करून काकाला विचारलं की मीही नोकरी सोडू का. काकाने त्याला अर्धा तास मार्गदर्शन केलं. मी भांडी आपटत होते. उरलेली फुटकळ कार्डं खोक्यांसकट एका मॉलमधल्या दुकानदाराने घेतली, जवळजवळ रद्दीच्या भावात. ती रांग मात्र घरातच राहिली. विकता येत नव्हती. आणि मी सांगितलं, चूटमध्ये टाकून दे, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच विषय सोडला. प्रत्येक मजल्यावरून कचरा खाली टाकायचं ते भोक. त्यात हळदकुंकू वाहिलेली वस्तू कोण टाकणार? मीही टाकली नसती. तेव्हा ती कार्डं एका स्टीलच्या डब्यात, ड्राय कॅबिनेटच्या वरच्या कप्प्यात. खाली पापड.

नवऱ्याला पुढे नोकरी लागली. पूर्वीपेक्षा धाकट्या हुद्द्यावर, पूर्वीच्याच परिसरात. आईला त्याने सांगितलं की धंदा आहेच, हे जोडीला. एव्हाना मी हिशेब ठेवणं सोडून दिलं होतं, कुठलं खोटं कुठल्यावर बेतलंय त्याचा.

परवाच्या दसऱ्याला सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. गुडघ्यामुळे आता प्रवास जमत नाही. फोन माझ्या हातात. मी त्यांना मिक्सर दाखवला, शेगडी दाखवली, नवऱ्याचा नवा लॅपटॉप दाखवला. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि म्हणाल्या,

"ते सगळं ठीक. याच्या धंद्याचा नवा माल कुठाय? तो पुजल्याशिवाय दसरा कसला."

नवा माल. फोन मी छताकडे वळवला आणि म्हटलं, आणतोय, आई. नवरा मुलीच्या खोलीत गेला आणि तोच स्टीलचा डबा घेऊन आला. घरात दुसरा पुठ्ठा नव्हता. त्याने कार्डं कापडावर मांडली. सगळ्यांच्या कपाळांवर गेल्या वेळचे डाग, वाळून काळपट झालेले, आणि एकाला भुवई नाही. स्वतःच्या बोटाने लावलेलं कुंकू त्या बाईंनी ओळखलं नसतं तरच नवल.

फोनमधून सासूबाई विचारत होत्या की मला नुसता पंखा का दिसतोय. नवरा टेबलाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, नेहमीसारखंच. मी फोन डाव्या हातात घेतला. उजवं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात दाबलं, आणि एकेका डागावर, जुनं दिसू नये एवढं जाड, नवं कुंकू लावत गेले. बिनभुवईवाल्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं. मग फोन त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा, आई," मी म्हटलं. "यंदाचा माल."